लाज वाटेपर्यंत

३ नोव्हेंबर

परत चोरी! बाहेरच्या टेबलावरची केसांच्या चापांची अख्खी पट्टी गेली. मी आत गिऱ्हाइकाला झबली दाखवत होते, पाठ वळली तेवढ्यात. मागच्या आठवड्यात मोजे, त्याआधी रिबिनी. चपलावाल्यांकडून तर एकाच पायाची चप्पल नेली — एकाच पायाची! म्हणजे गरज नाही, निव्वळ माज.

पोलीस आला, चहा प्यायला, म्हणाला, लहान पोरं असतात वहिनी, धरून आणली तरी समज देऊन सोडावी लागतात. समज! ती काय गोळी आहे, पाण्याबरोबर दिली की लागू पडायला?

यांचं नेहमीचंच. जाऊ दे गं, चाप तर होते. अहो, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो! मी एवढं तळतळून बोलले तर यांनी पेपरचं पान उलटलं.

६ नोव्हेंबर

चपलावाल्यांकडे सगळ्या दुकानदारांची बैठक झाली. ते आमचे अध्यक्ष. खुर्च्या त्यांच्या, चहा त्यांचा, म्हणून अध्यक्षपदही त्यांचं. जो तो तावातावाने बोलत होता. वह्या-पेनवाला म्हणाला, हात तोडले पाहिजेत एकेकाचे. त्याला स्वतःला झुरळ मारवत नाही. कोणी म्हणालं कायदा मऊ, कोणी म्हणालं शाळा मऊ. मी म्हटलं, आईबाप मऊ! ज्याला त्याला आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं. पण हात उचलायचीही सोय राहिली नाही. एक चापट दिली की पोर राहतं बाजूला, आपणच आत.

मग मलाच सुचलं. मारायचं नाही, शिवी द्यायची नाही. ज्या दुकानात चोरलं त्याच दुकानाच्या दर्शनी काचेत, मालाच्या जागी उभं करायचं. शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याने बघू दे. आईबापांना विचारायचं, हे चालेल की पोलीस? बोलतील कशाला!

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुमचं डोकं तुमच्या कात्रीपेक्षा तेज आहे." खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

घरी येताना यांनी एवढंच विचारलं, पोर रडलं तर? म्हटलं, रडू दे की, त्यासाठीच तर उभं करायचं.

११ नोव्हेंबर

वह्या-पेनवाल्याने दोघं धरले. भाऊ-भाऊ. पेनं खिशात घालत होते. काचेत चढवले आणि पाचव्या मिनिटाला भोकाड! नाक पुसायला बाही, तीही एकमेकांची. रस्त्यावरच्या बायका थांबून बघत होत्या, एकीने आपल्या पोराला मुद्दाम उचलून दाखवलं. दिवे लागले तेव्हा बापाने येऊन नेले. हूं की चूं नाही.

जालीम औषध आहे. माझं!

१४ नोव्हेंबर

आज माझ्या हाती लागली. मोज्यांच्या खोक्यात हात घातलेलाच होता, मनगट धरलं.

इस्त्रीवालीची मुलगी निघाली. आमचे फ्रॉक हीच बाई इस्त्री करते, मागच्या बोळात टेबल टाकून. पोरीला सगळे खारूताई म्हणतात. एका जागी म्हणून बसायची नाही. आता पायरीवर, आता कठड्यावर, आता कोणाच्या सायकलवर. आमच्या धाकटीच्या वर्गात आहे. बारीक चणीची, डोळे तेवढे मोठे. हात धरला तर म्हणाली, "मोजे उबदार आहेत काकू." लाज नाही, भीती नाही, वर मालाची तारीफ!

तिच्या आईला बोलावलं. तिने गयावया केली नाही. हात पदराला पुसत म्हणाली, पोलिसांकडे नको वहिनी, तुम्ही काय ते करा. मला अजून राग आला. रडली असती तर कदाचित मी सोडूनही दिलं असतं.

खारूताईला समोर उभी केली आणि चांगलं खडसावून सांगितलं, "लाज वाटेपर्यंत काचेत उभं राहायचं. आलं लक्षात?"

"हो काकू."

उद्या शाळा सुटल्यावर.

१५ नोव्हेंबर

आली. सांगितलेल्या वेळेवर, कोणी आणायला न जाता. चपला बाहेर काढल्या, काचेत चढली, मुलींच्या पुतळ्यांच्या मधल्या जागेत उभी राहिली.

काचेत पुतळी ठेवायची म्हणजे एक बघावं लागतं. तिची नजर येणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे गेली पाहिजे. डोळ्याला डोळा भिडला की गिऱ्हाईक बिचकतं आणि पुढे सरकतं. हे कुठल्या शिवणवर्गात शिकवत नाहीत, दुकानात बसून कळतं. तर सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, अगं, जरा वर बघ. तिने हनुवटी उचलली. मग काही हललं नाही.

रडली नाही. हसली नाही. शेजारून दुचाकीने केवढ्याने हॉर्न दिला, माझा हात दचकून कात्रीवर पडला, ती नाही दचकली. संध्याकाळी एक बाई आत आली आणि म्हणाली, तो मधल्या पुतळीच्या अंगावरचा फ्रॉक दाखवा. मला आधी हसूच आलं. म्हटलं, बाई, ती पुतळी नाही, चोर आहे. बाईने वळून बघितलं. परत माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करते आहे असंच तिला वाटलं. फ्रॉक न घेता गेली, आणि जाताना काचेजवळून जरा लांबून गेली.

दिवे लागले. सांगितलं, उतर, जा घरी. उतरली, चपला घातल्या, गेली. पोटची पोरं सुद्धा एवढं ऐकत नाहीत.

१७ नोव्हेंबर

आज परत आली! मी शिवणयंत्रावर होते. मान वर केली तर काचेत पुतळ्या तीन नाही, चार.

म्हटलं, अगं, तुझी शिक्षा संपली. म्हणाली, "काकू, अजून नाही वाटली."

काय नाही वाटली? मग डोक्यात उजेड पडला. लाज! मी रागाच्या भरात बोललेलं तिने जसंच्या तसं धरून ठेवलं आहे. मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, नसली वाटली तरी वाटली म्हण आणि जा.

"खोटं बोलू का, काकू?"

चढ्या आवाजात नाही, उद्धटपणाने नाही. खरंच विचारत होती. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

१८ नोव्हेंबर

आली.

१९ नोव्हेंबर

आज शाळेच्या वेळेतच आली. मी शटर वर केलं तेव्हा पायरीवर उभी होती. शटर उचलताना माझी साडी तिला लागली, तेव्हा कुठे मला कळलं की कोणी आहे.

माणसं बघायला थांबायला लागली आहेत. पैज लावतात, कोणती खरी? लहान पोरं काचेवर नाक दाबून, जीभ काढून दाखवतात. तिची पापणी हलत नाही. म्हणजे हलत असणारच, माणूस आहे. मी बघत नसते तेव्हा हलत असेल. मी मुद्दाम टक लावून बसले, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

थांबलेल्यांतले निम्मे आत येतात. थंडी पडायला लागली आहे, स्वेटर हातोहात जातात. हे गल्ल्यावर बसून गुणगुणत होते. लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

२१ नोव्हेंबर

यांनीच काढलं. म्हणाले, उभी राहतेच आहे, तर तो नवा निळा फ्रॉक अडकवून बघ. मी म्हटलं, काहीतरीच काय! मग दुपारी अडकवला.

तिच्या मापाचा नव्हता. पाठीत जास्तीचं कापड धरून टाचण्या लावल्या. पुतळीला लावायची तशी झरझर लावत गेले, आणि एक टाचणी आत गेली. मला हाताला कळलं, कापडाच्या पलीकडे मऊ लागलं. तिला कळलं नाही. निदान हलली तरी नाही. अस्तरावर मोहरीएवढा लाल ठिपका आला. मी विचारलं, लागलं का गं? समोर बघूनच म्हणाली, "नाही काकू."

ठिपका गार पाण्याने काढला. फ्रॉक संध्याकाळी गेला.

मला आज जेवण गेलं नाही. टाचणीचंच मनात येत होतं. तिला दुखलं नाही याचं मला बरं वाटायला हवं ना? मग भीती कसली वाटते आहे?

२३ नोव्हेंबर

आज रविवार, दुकान बंद. देवाची कृपा. दुपारी कपाट आवरत होते, मागे वळले आणि ओरडलेच. धाकटी भिंतीला लागून ताठ उभी. हनुवटी वर. किती वेळ उभी होती कोण जाणे. पाठीत धपाटा घातला तेव्हा हसली.

म्हणाली, "आई, खारूसारखं जमतं का बघत होते. आधी पाय दुखतात, मग नाही दुखत. मग कोणी हाक मारली तर लांबून ऐकू येते."

मग विचारलं, मी चोरी केली असती तर मला किती वेळ उभं केलं असतंस? म्हटलं, तुला? दुप्पट! माझी मुलगी म्हणून तुला सूट मिळेल या भ्रमात राहू नकोस. यांनी माझ्याकडे बघितलं. बघू देत. दुसऱ्याच्या पोराला एक न्याय आणि आपल्याला दुसरा, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

२५ नोव्हेंबर

इस्त्रीवाली आली होती. कपडे घेऊन नाही, रिकाम्या हाताने. आधी काचेपाशी थांबली. मग आत येऊन पायरीवर टेकली. माझ्याकडे न बघता बोलत होती, मध्येच थांबत होती.

घरी पण तशीच असते म्हणाली. बस म्हटलं की बसते, घास हातात दिला की खाते. नाही दिला तर मागत नाही. आधी हिच्या मागे धावून धावून माझा जीव जायचा, वाटायचं, देवा, हिला एका जागी बसव. म्हणजे आता देवालाही काही मागायची चोरी.

मग म्हणाली, "परवा इस्त्री करता करता ओला कपडा मागे वाळत टाकला, वहिनी. तिच्या अंगावरच टाकला. खांद्यावर पसरला, सुरकुत्या सारख्या केल्या. मला कळलंच नाही."

चहा दिला, तो तिने घेतला नाही. उठताना म्हणाली, "तुमचं ऐकून उभी राहिली. तुमचंच ऐकेल. मला माझी पोर परत द्या, मग हवं तर पोलिसांत घाला."

तिचा हात धरून शब्द दिला, उद्या काहीही करून हिचं डोकं ताळ्यावर आणते. खरंच आणणार आहे. पोरीला जवळ बसवायचं, नीट समजवायचं. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणायचं.

२६ नोव्हेंबर

आज जमलं नाही. गर्दी! शाळेच्या सहलीची पोरं, सगळ्यांना एकसारखे स्वेटर. पाणी प्यायला फुरसत नाही. उद्या नक्की.

२७ नोव्हेंबर

उद्या. आज लाल स्वेटर तिच्या अंगावर होता, आणि लाल स्वेटर संपेपर्यंत यांनी थांब म्हटलं.

२९ नोव्हेंबर

शेवटी आज बोलले. दुकान उघडायच्या आधी, काचेत तिच्यासमोर जाऊन गुडघ्यावर बसले. तिचे हात हातात घेतले, थंडगार होते. म्हटलं, खारे, माझं चुकलं. मी रागात बोलले गं. मोज्यांचं एवढं काही नव्हतं. तुला मोजे देते, दोन जोड देते, जा, खेळ. कोणाच्या तरी सायकलवर चढून बस, मी ओरडणार नाही.

माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. मी तिच्या नजरेसमोर तोंड नेलं. तरी पलीकडेच, माझ्या आरपार. जीभ जड झाल्यासारखं म्हणाली, "थोडी राहिली आहे काकू. येतेय असं वाटतं, मग जाते."

मी तिला धरून हलवली. हो, हलवली! खांदे धरून गदागदा. बाजूची पुतळी पडली, तिचा हात निखळला. त्याच क्षणी बाहेर शटरवर कोणीतरी टकटक केलं. पहिलं गिऱ्हाईक. मी पुतळी उभी केली, हात बसवला, हिचेही केस सारखे केले आणि शटर वर घेतलं.

मी तिचे केस सारखे का केले?

२ डिसेंबर

बैठक. असली बैठक मी जन्मात बघितली नाही. रस्त्यावर चोऱ्या थांबल्या आहेत. एक नाही, दोन नाही, सगळ्याच दुकानांत. टाचणी सुद्धा जात नाही. मला वाटलं पेढे वाटतील. तर सगळ्यांची तोंडं उतरलेली!

वह्या-पेनवाला म्हणाला, वहिनींच्या काचेसमोर जत्रा, आमच्याकडे माशा. अध्यक्षांनी मान हलवली. आणि मग कोणीतरी मागून म्हणालं, पोरांनी चोरायचंच सोडलं तर आमच्या काचेत उभं कोण राहणार? मी वळून बघितलं, थट्टा असेल म्हणून. कोणी हसलं नाही.

ठरलं ते असं. माल जरा बाहेर ठेवायचा, हाताशी, उघडा. आणि पोर सापडलं की आईबापांना विचारत बसायचं नाही. विचारलं की रडारड, ओळखीपाळखी, आमच्या साडूचा मुलगा आहे, सोडा. कोणाचं आहे ते विचारायचंच नाही. नाव नाही, गाव नाही, थेट काचेत. शिक्षा म्हणजे शिक्षा. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, मूळ कल्पना वहिनींची, त्यांचं मत घ्या.

सगळे बघत होते. खारूताईचं सांगावं असं ओठावर आलं होतं. ती उतरत नाही हो, असं म्हणायचं होतं. पण ज्याने त्याने मला उभ्या उभ्या विचारलं असतं, मग स्वेटर कसे विकता? मी हात वर केला.

३ डिसेंबर

अध्यक्षांनी चपला फुटपाथवर मांडल्या आहेत. दोन्ही पायांच्या. स्वतः पडद्यामागे बसतात, पडद्याखाली त्यांचे बूट दिसतात. पोरं लांबून बघतात आणि रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

५ डिसेंबर

नेली.

इस्त्रीवाली आली ती खांद्यावर चादर टाकूनच. इस्त्रीच्या टेबलावर अंथरतात ती जाड, करपल्याच्या खुणा असलेली. दुकानात गिऱ्हाइकं होती. ती कोणाशी बोलली नाही, सरळ काचेत चढली. आणि तिने आधी कडेच्या पुतळीच्या कमरेला हात घातला. उचललीसुद्धा. हातात हलकी लागली तेव्हा थबकली. पुतळी खाली ठेवताना तिने जो आवाज केला तो मला लिहिता येत नाही. मग एकेकीच्या गालाला हात लावत गेली.

मी धावले. म्हटलं, अगं, तिला वाटली लाज! मी सांगते ना, वाटली, पूर्ण वाटली, माझ्यासमोर वाटली! आई तिला चादरीत गुंडाळत होती. चादरीच्या आतून आवाज आला, अगदी बारीक.

"नाही काकू."

खांद्यावर टाकून नेली. ताठ. पाय वाकले नाहीत, दारातून जाताना आडवी करून न्यावी लागली. गिऱ्हाइकांतली एक जण मला म्हणाली, एवढा माल पोचवायला माणूस ठेवा हो, बाईच्या जातीला केवढं ओझं.

संध्याकाळी मागच्या बोळात जाऊन आले. टेबल आहे, इस्त्री नाही. खोलीला कुलूप. शेजारणीला विचारलं, कुठे गेल्या? म्हणाली, कोण?

६ डिसेंबर

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. एकीकडे सुटल्यासारखं वाटतं. गेली, आईबरोबर गेली, आई करेल बरं. आईच्या मायेने दगडालाही पाझर फुटतो म्हणतात. दुसरीकडे दुकानात बसले की मान आपोआप तिकडे वळते. काचेत गालिच्यावर तिच्या पावलांचे दोन ठसे आहेत, तेवढ्या जागेवर धूळ नाही. मी झाडत नाही.

धाकटीला विचारलं, खारूताई शाळेत आली का? म्हणाली, बाईंनी हजेरीत तिचं नाव घेतलं नाही. आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग जेवता जेवता म्हणाली, मी हात वर करून सांगणार होते, पण सांगून काय, तूच तर उभी केलीस. मी तिच्या ताटात अजून एक पोळी वाढली.

९ डिसेंबर

गिऱ्हाईक तुटलं. काचेपाशी येतात, आत शोधतात, "ती नाही का?" विचारतात आणि जातात. लाल स्वेटरांची नवी खेप पडून आहे. यांचं गुणगुणणं बंद. आज म्हणाले, "काच कशी ओकीबोकी दिसते."

खरंच दिसते. पुतळ्या ठेवल्या, हलवल्या, नजरा वर केल्या, खाली केल्या. मेल्या पुतळ्याच वाटतात.

१० डिसेंबर

लिहू की नको. लिहिते, इथे कोण वाचणार आहे!

चापांच्या पट्ट्या परत बाहेरच्या टेबलावर ठेवल्या. अगदी कडेला. चमकणारे वर. आणि मी आत पडद्याआड स्टूल घेऊन बसले. मनाला सांगितलं, हवा खेळती राहावी म्हणून बाहेर ठेवले. चापांना कसली हवा!

एक मुलगी आली, सातेक वर्षांची. चापांवरून बोट फिरवलं. घे, असं मनात म्हणत होते. घे गं बाई, घे. मी, जी चापांसाठी एवढी तळमळले! तिच्या आईने हाक मारली आणि ती गेली. मला चक्क वाईट वाटलं.

याला कुठे शिक्षा असेल तर ती कोणी द्यायची?

१२ डिसेंबर

धाकटी हल्ली माझ्याशी धड बोलत नाही. विचारलं तेवढं उत्तर. सकाळी दप्तर घेऊन लवकर निघते, परत येते ती सरळ खोलीत. यांना म्हटलं, तुम्ही विचारा. हे म्हणाले, वय आहे, येईल ताळ्यावर. थोरला वसतिगृहात गेला तेव्हाही असंच म्हणाले होते, आणि तो अजून फोनवर हो-नाहीच्या पलीकडे जात नाही. उद्या शनिवार, अर्धा दिवस शाळा. तिला जवळ घेऊन बसणार आहे. काचेतली गोष्ट काढणार नाही, नुसतं बसणार आहे.

१३ डिसेंबर

अध्यक्षांना सापडलं म्हणे एकदाचं पोर. दुपारीच निरोप आला, या बघायला, आमचीही काच भरली. चपला उचलल्या आणि पळालं सुद्धा नाही, तिथेच उभं राहिलं म्हणतात. नियमाप्रमाणे नाव-गाव विचारलं नाही. त्यांच्या दुकानासमोर ही गर्दी! मला इथपर्यंत कलकल ऐकू येत होती.

माझ्या मनात पहिलं काय आलं? मत्सर. आपल्याच टेबलावरून का नाही उचललं, चाप काय वाईट होते? लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाचून तोंडात मारून घेता येईल. दुकान बंद करून, जाता जाता बघून येते.

१३ डिसेंबर, दिवे लागल्यावर

गर्दीतून पुढे झाले. उभी छान होती. मान धरलेली, हात सैल, नजर बरोबर डोक्यांच्या वरून. फक्त फ्रॉक खांद्यात ओघळत होता. काखेत अर्धी बोटभर चिमट घ्यायला हवी होती, असं मनात आलं. शिवणारीने वाढत्या अंगाचा शिवलेला दिसतो. गळपट्टीचा टाका बघितला, सुबक होता, उलटा घातलेला. असा टाका या रस्त्यावर मी एकटीच घालते. मागच्या वाढदिवसाला घातला होता, धाकटीच्या फ्रॉकला.

मग चेहरा बघितला.